त्राटिकेचे दात

जव्हारात रस्त्यावर माणूस भेटला की लोक विचारत, "जेवलात का?" डॉक्टर विचारत, "लावतेस ना?" आणि हा प्रश्न ते फक्त मला विचारत. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, सुक्या बोंबलांच्या ढिगापलीकडून. मी नुसती मान हलवली तर त्यांचं समाधान होत नसे. "तोंड उघड," म्हणत. मग मी मासळीवालीसमोर तोंड उघडून उभी राही, ते मान वाकडी करून आत बघत, "ठीक" म्हणत आणि छत्री टेकत निघून जात. मासळीवाली पहिल्यापहिल्यांदा विचारायची, पोरीला काय झालंय म्हणून. पुढे तिलाही सवय झाली. एखाद्या बाजारी डॉक्टर दिसले नाहीत तर तीच म्हणायची, "आज तुझा तोंड कोन बघल?"

ते दातांचे डॉक्टर होते. संस्थान होतं तेव्हा कुणा बड्या पाहुण्याची दाढ ठणकायला लागली म्हणून त्यांना मुंबईहून तातडीने आणलं होतं. दाढ निघाली, पाहुणे गेले, डॉक्टरांनी मात्र दोन-चार दिवस इथली हवा खाल्ली आणि परत जायचं नावच काढलं नाही. दवाखान्यामागची एक खोली त्यांना मिळाली. त्यांची लोखंडी खुर्ची बैलगाडीतून घाट चढून आली, ती बघायला म्हणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. पुढे कुणाकडे पाहुणे आले की त्यांना सूर्यास्त दाखवत आणि जाता जाता ही खुर्ची दाखवत.

खुर्चीत बसणारे मात्र थोडे. आमच्याकडे दात दुखला की आधी लवंग, मग भगत, आणि दोन्ही हरले की डॉक्टर. तोवर त्या दातात उपटण्यापलीकडे काही उरलेलं नसे. उपटण्याला डॉक्टर हमाली म्हणत. त्यांचा जीव होता दात सरळ करण्यात. मुंबईत कुणा गुरूकडून ते ती विद्या शिकले होते आणि ती घेऊन अशा गावी येऊन बसले होते जिथे वाकडा दात हा कुणाला रोगच वाटत नव्हता. त्यांचे स्वतःचे दात तर एकावर एक चढलेले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा भीत भीत तो विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "या मुलखात दात सरळ करणारा एकच माणूस आहे, आणि त्याचा हात स्वतःच्या तोंडात वळत नाही."

अशा माणसाच्या तावडीत मी सापडले. माझे पुढचे दात इतके पुढे होते की ओठ मिटायला मला ठरवावं लागे. शाळेत मला 'पुढारी' म्हणत, आणि ते दिवसच पुढाऱ्यांचे असल्यामुळे ते नाव चांगलंच चिकटलं. अण्णा कचेरीत कारकून. एक दिवस डॉक्टरांनी त्यांना रस्त्यात गाठलं आणि, एखाद्याने बैल मागावा तसं, मुलीचं तोंड मागितलं. पैसे नकोत, फक्त पोरगी नेमाने येऊ दे. दवाखान्याच्या डॉक्टरला नाही कसं म्हणायचं हे अण्णांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते हो म्हणाले.

आधी त्यांनी माझ्या तोंडात ओलं, थंडगार काहीतरी कोंबून दातांचा ठसा घेतला आणि त्यावरून पांढऱ्या प्लास्टरचा जबडा ओतला. तो फळीवर मांडला आणि खाली चिठ्ठी लावली: 'पूर्वी'. मग माझ्या दातांवर तारा चढल्या. पुढचा काळ मी वरण-भातावर काढला. महिन्याच्या महिन्याला ते तार आवळत, मी रडे, ते म्हणत, "रड, पण तोंड मिटू नको." मात्र दात हलले. आईला पटेना, पण आरशाला पटलं. तारा निघाल्या त्या दिवशी त्यांनी दुसरा जबडा ओतून, 'नंतर' अशी चिठ्ठी लावून, पहिल्याशेजारी ठेवला. मी सुटले म्हणून उड्या मारत निघाले, तर त्यांनी वेणी धरून परत बसवलं. "सरळ करणं म्हणजे काम नव्हे," ते म्हणाले. "सरळ ठेवणं हे काम. ते आजपासून."

त्यांनी माझ्या टाळूला एक गुलाबी पट्टी बसवली. तिच्यातून एक बारीक तार निघून पुढच्या दातांवरून फिरत असे. तिचं इंग्रजी नाव त्यांनी एकदा सांगितलं आणि आमची तोंडं बघून पुन्हा उच्चारलं नाही. ते तिला 'राखण' म्हणायला लागले. शेतात पीक उभं राहिलं की माळ्यावर बसून राखतात, तशी ही राखण. दातांना जुनी जागा आठवत असते, नजर चुकली की ते परत निघतात, असं त्यांचं म्हणणं. जेवताना काढायची, एरवी दिवसरात्र लावायची. पुढे नुसती रात्री. काढली की गार पाण्यात ठेवायची. पदरात बांधायची नाही, कागदात गुंडाळायची नाही, कुत्र्याच्या वाटेत ठेवायची नाही. घट्ट लागली तर समजायचं की दात निघाले होते. किती दिवस लावायची, असं आईने विचारलं. "दात आहेत तोवर," डॉक्टर म्हणाले.

आईच्या मते स्वच्छ म्हणजे उकळलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने राखणीवर बंबातलं कढत पाणी ओतलं, आणि पट्टी पापडासारखी वळली. मी ती घेऊन गेले तेव्हा डॉक्टर आपल्याच लोखंडी खुर्चीत मटकन बसले. त्यांनी नवी पट्टी केली, ती स्वतः घेऊन आमच्या घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून आईला गार पाण्यावर भाषण दिलं. आई पाटावर बसून पदर सावरत ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, माझ्या बाळंतपणात पण इतकं पथ्य सांगितलं नव्हतं कुणी.

माझ्या तारा निघाल्या त्याच सुमाराला संस्थान विलीन झालं. गावात कुणी पेढे वाटले, कुणी डोळे पुसले, आमच्या घरी दोन्ही झालं. कचेरी तीच, टेबल तेच, फक्त अण्णा आता मुंबई सरकारचे. पण कागद कुठे पाठवायचा म्हटलं की ते अजून "दरबारात" म्हणत आणि जीभ चावत. मोठ्या वाड्यावरची मोटार बाजारातून गेली की त्यांचे हात आपोआप जोडले जात, मग ते टोपी सारखी केल्याचं सोंग करत. डॉक्टर हे सगळं मिश्किलपणे बघत. "तारा काढल्यात, पण राखण दिली नाहीये सरकारने," ते मला म्हणाले. "तुझ्या वडलांनाही एक पट्टी करून द्यावी म्हणतो." अण्णा हसले, पण त्यांना ते लागलं. मला लागलं नाही, कारण गावात आणखी कुणाला तरी राखण लागते हे ऐकून बरंच वाटलं.

खुद्द डॉक्टरांचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. दवाखाना सरकारकडे गेला, त्याच्या मागे ती खोली आणि तो माणूसही गेला. पण तालुक्याच्या गावी दातांचा डॉक्टर असावा असं नव्या सरकारच्या कुठल्याच नियमात नव्हतं. काही वर्षं तसंच चाललं. मग निरोप आला, की ठाण्याहून एक साहेब येऊन खोली ठेवायची की बंद करायची ते ठरवतील. डॉक्टर मुळीच घाबरले नाहीत. सांगायला काय आहे, ते म्हणाले, फळीवर दोन जबडे आहेत, साहेबांना डोळे असले म्हणजे झालं. साहेब यायच्या आदल्या दिवशी ते फळी पुसायला गेले, तेव्हा तिथे एकच जबडा होता. 'पूर्वी'ची चिठ्ठी होती, 'पूर्वी' नव्हतं.

इथे कोंबड्याची गोष्ट सांगायला हवी. त्याआधी काही दिवस डॉक्टर बाहेरून आले तर त्यांच्या खुर्चीच्या पायाला एक कोंबडा बांधलेला. आजूबाजूला कुणी नाही. कुणीतरी काढलेल्या दाढेची फेड केली असेल असं समजून त्यांनी त्याला ठेवून घेतला. कापवत नव्हता म्हणून दाणे घालत होते. एखाद्या पेशंटने तोंड उघडलं की कोंबडा आरवायचा आणि पेशंट दचकून तोंड मिटायचा, एवढाच त्याचा त्रास.

तो कोंबडा होता लहानूचा. लहानू मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. त्यांच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे उन्हाळ्यात देवांची नि राक्षसांची सोंगं नाचवतात त्या जत्रेत, त्राटिकेच्या सोंगाचा मान त्याच्या घरात होता. त्याची दाढ डॉक्टरांनी काढली होती. तेव्हापासून बाजाराला आला की तो खोलीत डोकावून जाई. त्याने मला पुढारी असतानाही पाहिलं होतं आणि सरळ झाल्यावरही. आणि फळीवर माझे वाकडे दात जसेच्या तसे ठेवलेले त्याला दिसत होते. यावरून जो निष्कर्ष कुणीही शहाणा माणूस काढेल तोच त्याने काढला: डॉक्टरांनी पोरीचे जुने दात काढून नवे बसवले, आणि जुने नुसते पडून आहेत. त्राटिकेच्या सोंगाचे, म्हणजे मुखवट्याचे, दात तर उंदरांनी कुरतडले होते. एकदा डॉक्टर खोलीत नव्हते, लहानूला घरी जायची घाई होती. फुकट तर तो काही नेणारा नव्हता. त्याने दात घेतले आणि कोंबडा ठेवला.

हे सगळं त्यानेच येऊन सांगितलं, आणि तेही नेमकं त्याच दिवशी, कारण तो बोहाड्याचं बोलावणं करायला आला होता. तुमचे दात सोंगाला फार शोभतात, बघायला या, म्हणाला. डॉक्टर आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग हात जोडून म्हणाले की ते दात उद्याच्या दिवसापुरते दे. लहानूला फार वाईट वाटलं, पण तो हलला नाही.

"नाय देता येयाचं, डागतर," तो म्हणाला. "सोंगाला लावला, पूजा झाली, का तो देवाचा. कोंबडा पायजे तर आनखी एक आनतो."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. खोली बघितली, खुर्ची बघितली, कोंबडा बघितला आणि विचारलं की काम काय केलंत. डॉक्टरांनी 'नंतर'चा जबडा पुढे केला. साहेब म्हणाले, दात चांगले आहेत, पण देवानेच चांगले दिले नसतील कशावरून? प्रश्न रास्त होता. तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं की 'पूर्वी' मोखाड्याकडे आहे, उद्या पहाटे नाचणार आहे, बघायचं असेल तर चला. साहेबांना बोहाडा बघायची हौस होतीच आणि दौराही त्याच बाजूचा होता. त्यांच्या जीपमध्ये साहेब, डॉक्टर, अण्णा आणि मधे चेंगरलेली मी, असे आम्ही पुरावा बघायला निघालो. राखण लावून ये, अशी मला ताकीद होती, आणि वाटभर डॉक्टर साहेबांना राखण आणि गार पाण्याचा पेला समजावत होते.

पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. टेंभे विझत आले होते, संबळ मात्र अजून जोरात होतं. माणसांच्या रिंगणात हिरव्या तोंडाची, जटा सोडलेली त्राटिका नाचत पुढे यायची, मागे जायची, आणि पोरं किंचाळत पळायची. ती आमच्यासमोर आली आणि मी माझे दात ओळखले. डावा उजव्यावर चढलेला, आणि शेजारी ती फट, जिच्यातून मी जीभ काढून दाखवायची. लहानूने त्यांना बेगड लावली होती. मला जीपखाली जाऊन बसावंसं वाटलं. गावोगावची माणसं ज्यांना भिऊन पळत होती ते दात मी कित्येक वर्षं तोंडात घेऊन शाळेत गेले होते.

डॉक्टरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी हात वर केला. डोक्यावर साहेबी टोपी असल्यामुळे संबळ खरोखरच थांबलं. त्यांनी मला ओढून त्राटिकेशेजारी उभं केलं आणि म्हणाले, "हस." मी हसले. मग ते छत्रीच्या टोकाने एकदा तिचा दात, एकदा माझा दात दाखवत साहेबांना समजावू लागले, हा किती मागे आला, तो कसा फिरवला. सोंगाच्या आतून लहानूचा घुसमटलेला आवाज आला, की सोंगाला छत्री लावू नका, रंग जाईल. डॉक्टरांनी ताबडतोब छत्री खाली घेतली. नाचून झाल्यावर हे कुठे ठेवतोस, असं त्यांनी तिथेच विचारलं. लहानू आतूनच सांगत राहिला, की उन्हात नाही ठेवायचं, चुलीजवळ तर नाहीच, फडक्याने अलगद पुसायचं आणि उंदरांवर डोळा ठेवायचा. डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते आईशी ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात साहेबांना म्हणाले, "ऐकलंत? असं सांभाळतात."

तोवर बायकांमध्ये कुजबूज झाली होती, की ही तीच पोरगी, हिचेच दात. एक म्हातारी पुढे आली. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या हातात नारळ दिला. "देवाला दात दिलास, बाय," ती म्हणाली. "तुझे नवे दात काय पडायचे नाय." आयुष्यात माझ्या दातांचा झालेला तो पहिला सत्कार, आणि तो वाकड्या दातांचा होता.

जीपजवळ चहा घेताना साहेबांनी निकाल दिला. त्यांनी डॉक्टरांची तोंडभर स्तुती केली. असं काम मुंबईतही बघितलं नाही म्हणाले. आणि मग म्हणाले की काम इतकं उत्तम पूर्ण झालं आहे, तेव्हा आता खोली चालू ठेवायचं कारण उरत नाही.

"काम पूर्ण नाही झालेलं," डॉक्टर म्हणाले. "दात टिकवायचे आहेत अजून."

"त्याला डॉक्टर कशाला? एक पाण्याचा पेला लागतो, असं तुम्हीच सांगितलंत. मुलगी लावील की स्वतः."

"लावत नाहीत, साहेब. कुणी विचारणारं नसलं की कुणी लावत नाही."

साहेबांनी हसून कपातला चहा संपवला. सरकारात विचारण्यासाठी जागा नसते, असं ते म्हणाले. येताना जीपमध्ये डॉक्टरांनी सगळा वेळ माझा नारळ मांडीवर धरून ठेवला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. इतका हरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि हरला तो जिंकल्यामुळे.

ते नाशिकला भाच्याकडे गेले. खुर्ची इथेच राहिली, काही दिवस तिच्यावर दवाखान्यातल्या उशा वाळत असत. जायच्या दिवशी कोंबडा घेऊन ते आमच्याकडे आले. आमच्या घरी कुणी कोंबडं खात नसे, म्हणून तो आमच्याकडे सुरक्षित राहील हे त्यांनी हेरलं होतं. आईने नाक मुरडलं आणि परसात टोपली पालथी घातली. एसटीच्या खिडकीतून त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि "ठीक" म्हणाले. बस मोखाड्याच्या रस्त्याला लागली. मग मी तोंड मिटलं.

त्यानंतर पोस्टकार्डं यायची. वर पत्ता, खाली दोन शब्द: 'लावतेस ना?' पोस्टमन आमच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि उत्तराची वाट बघायचा. मी शिक्षिका झाले, कार्डं शाळेच्या पत्त्यावर यायला लागली. तिथे शिपाई वाचायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा डॉक्टर त्र्यंबकच्या घाटातून धक्के खात आले. मला नवी पट्टी करून आणली होती. अक्षता पडल्यावर सगळे आशीर्वाद द्यायला येत होते. ते आले, नवऱ्या मुलाच्या कानाशी वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "ही रात्री जरा बोबडं बोलेल. घाबरू नका. आणि पाणी गारच ठेवा." आमचे हे बँकेतले, सरळ माणूस. घाबरू नका म्हटल्यामुळेच ते पार घाबरले. हातातला हार तसाच धरून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून दिसतं. पण गार पाण्याचा पेला ते त्या दिवसापासून ठेवू लागले. का ते त्यांनी मला विचारलं नाही, आणि राखणीबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. पेला भरून ठेवला की आपलं काम झालं, असा त्यांचा हिशेब.

बोहाड्याला लहानूकडून बोलावणं येतं आणि मी जाते. त्राटिका दर वर्षी नवा रंग लावून नाचते. तिचे दात जिथल्या तिथे आहेत, जसेच्या तसे वाकडे. त्यांना कधी राखण लागली नाही. वाकडं टिकवायला कष्ट पडत नाहीत, हे मला त्या सोंगाने शिकवलं. डॉक्टरांना हे लिहून कळवलं तर त्यांचं उलट कार्ड आलं. मजकूर तोच, दोन शब्दांचा.

परवा शाळेत कार्ड आलं ते भाच्याच्या अक्षरात होतं, कोपरा फाडलेलं. शिपायाने ते वाचलं नाही, नुसतं टेबलावर ठेवून गेला. मी वर्ग पुरा केला. घरी येऊन यांना सांगितलं, डॉक्टर गेले. मी दिवेलागणीला दिवा लावला, भात टाकला, जेवणं झाली. राखण काही दिवसांपासून डबीतच होती आणि त्या रात्री मला ती डबीतून काढायचीही इच्छा नव्हती. आता बघणार कोण, असं मनात आलं आणि रडू आलं, त्यांच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. हे उठले, माठातलं पाणी पेल्यात घेऊन आले आणि तो माझ्यासमोर ठेवला. नेहमी ठेवून निघून जातात, तसे गेले नाहीत. थोडे घुटमळले.

"लावतेस ना?" हे म्हणाले.

मी लावली. घट्ट लागली.